विसरलेल्या पिस्तुलाचा हिशोब कोण देणार?

मंडळी, पोलिसाचं पिस्तूल कुठंतरी विसरून राहिलं अशी बातमी आली की आपल्याकडं दोनच गोष्टी होतात. व्हॉट्सॲपवर जोक फिरायला लागतात आणि एक शिपाई निलंबित होतो. आठवडाभरात जोक शिळे होतात, निलंबनही लोक विसरतात. पुढची बातमी येईपर्यंत सगळं सामसूम.

आज या विषयावर जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा, कारण यात आपल्या घरातल्या लहान पोरांचा जीव गुंतलाय.

मुद्दा आधीच सांगतो. हत्यार विसरणारा माणूस चुकला, हे खरं. पण ते विसरलं जाणार हे ज्यांना आधीपासनं ठाऊक असतं, आणि तरीही जे काही करत नाहीत, त्यांना कुणी विचारत नाही. शिपायावर हसून आपण साहेबांना मोकळं सोडतोय.

आता कुणी म्हणेल, "आपल्याकडंच असला कारभार, परदेशात बघा कशी शिस्त!" तर परदेशातलंच बघूया.

३ फेब्रुवारी २०२०. न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान. ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांच्या संरक्षणातला अधिकारी विमानाच्या संडासात गेला आणि बाहेर आला तो पिस्तूल आतच ठेवून. सोबत कॅमेरॉन यांचा पासपोर्टही तिथंच राहिला. हे सगळं सापडलं कुणाला? एका प्रवाशाला. लंडनच्या पोलिसांनी त्या अधिकाऱ्याला कामावरनं बाजूला केलं आणि चौकशी लावली. माजी पंतप्रधानाचा अंगरक्षक म्हणजे निवडून निवडून घेतलेला माणूस. त्याची ही गत.

अमेरिकेचं तर विचारूच नका. २०१५ साली जानेवारी ते एप्रिल एवढ्या काळात वॉशिंग्टनच्या संसद भवनाच्या पोलिसांनी तीन वेळा पिस्तूल टाकून दिल्यासारखं सोडलं. एक सापडलं ते संडासात, सीटवर घालायच्या कागदी कव्हरच्या खोक्यात कोंबलेलं. तिसरं सापडलं ते पोलिस मुख्यालयात, सफाई कामगाराला. मधलं सभापतींच्या दालनातल्या बाथरूममध्ये होतं, आणि ते सापडलं एका लहान पोराला. आईबापाबरोबर संसद बघायला आलेलं ते पोर. पिस्तूल ग्लॉक कंपनीचं, ज्याला बाहेरनं दाबायचा वेगळा सेफ्टी खटकाच नसतो. ट्रिगर दाबला की गोळी. त्या दिवशी त्या पोरानं ट्रिगर दाबला नाही, म्हणून ती नुसती बातमी झाली.

या प्रसंगांत एक जागा परत परत येतेय बघा. संडास. हा योगायोग नाही. कमरेला दोन-अडीच किलोचा पट्टा, त्यात पिस्तूल, मॅगझिन, वॉकीटॉकी. बसायचं म्हटलं की पट्टा सोडावा लागतो. पिस्तूल खाली पडू नये म्हणून माणूस ते बाजूला ठेवतो. बाहेरनं हाक येते, फोन वाजतो, साहेबांची गाडी निघालेली असते. माणूस पट्टा आवळतो आणि धावतो. आपल्याकडं तर साध्या वेशातल्या बॉडीगार्डचं पिस्तूल पँटीत खोचलेलं असतं आणि संडास असतो भारतीय पद्धतीचा. त्यात दाराला खुंटी नाही, आत फळी नाही. पुढं काय होणार हे समजायला पोलिस अकादमीत जायला लागत नाही.

म्हणजे ही चूक कुठं होते, कशी होते, कुणाच्या हातनं होते, हे सगळं माहीत असलेलं आहे. माहीत असलेल्या चुकीला अपघात म्हणत नाहीत. त्याला दुर्लक्ष म्हणतात.

आता कुणी म्हणेल, "सापडलं ना परत? मग कशाला एवढा बाऊ?" त्यांच्यासाठी आणखी एक घटना सांगतो.

जून २०१५, अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को. सरकारी जमिनींची राखण करणाऱ्या खात्यातल्या एका सशस्त्र अधिकाऱ्यानं आपलं सरकारी पिस्तूल पिशवीत घालून गाडीत ठेवलं आणि गाडी रस्त्याकडंला लावून गेला. गाडीची काच फुटली, पिशवी गेली. तारीख होती २७ जून. बरोबर चार दिवसांनी, १ जुलैला, त्याच पिस्तुलातनं सुटलेली गोळी ३२ वर्षांच्या एका तरुणीला लागली. वडिलांबरोबर समुद्राकडंला फिरत होती ती. वडिलांच्या डोळ्यांदेखत गेली. पुढं या प्रकरणावर अमेरिकेत मोठं राजकारण झालं, खटले झाले. पण पहिली कडी कुठली? गाडीत ठेवून गेलेलं सरकारी हत्यार. चार दिवस पुरले.

कोल्हापूरकरांना गोळीची किंमत वेगळी सांगायला नको. १६ फेब्रुवारी २०१५ ची सकाळ या गावानं बघितलीय. कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताई सकाळी फिरून घराकडं येत होते, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला अण्णा गेले. ते हत्यार पोलिसांचं नव्हतं, हे स्पष्ट करतो, उगाच कुणी सुतावरनं स्वर्ग गाठू नये. पण कुणाच्या हातात हत्यार आहे आणि ते कुठनं आलं, हा प्रश्न या गावानं वर्षानुवर्षं विचारलाय. म्हणून सरकारी हत्यार कुठं आहे याचा हिशोब मागायचा हक्क आपल्याला जरा जास्तच आहे.

आता कायद्याकडं बघूया. इथं खरी गंमत आहे.

राधानगरी, भुदरगड, चंदगड, आजरा भागात शेतकऱ्याकडं पीक राखायला परवान्याची बंदूक असते. गवे येतात, रानडुकरं येतात, ऊस-भात तुडवून जातात. निवडणूक लागली की छाननी समिती बसते आणि पोलिस ठाण्यातनं नोटीस निघते, बंदूक जमा करा. म्हातारा शेतकरी बंदूक खांद्याला लावून एसटीनं तालुक्याला येतो, जमा करतो, पावती घेतो, निकालानंतर परत हेलपाटा मारतो. एक दिवस उशीर झाला तरी बोलणी खातो. बंदूक हरवली तर परवाना गेलाच म्हणून समजायचं, वर गुन्ह्याची टांगती तलवार.

१९५९ चा शस्त्र कायदा हा असा आहे, आणि तो कडक असलाच पाहिजे. पण याच कायद्यातलं ४५ वं कलम कर्तव्यावरच्या सरकारी नोकराला त्यातनं सूट देतं. सूट लागणारच, परवाना काढत बसला तर पोलिस बंदोबस्त कधी करणार? २०१९ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. पोलिसाचं किंवा सैनिकाचं हत्यार कुणी जबरदस्तीनं हिसकावलं तर किमान दहा वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. हेही बरोबर आहे. माझी तक्रार नाही.

प्रश्न असा की, हिसकावणाऱ्याला जन्मठेप, मग सोडून जाणाऱ्याला काय? त्याच्यासाठी या दुरुस्तीत वेगळं कलम आलं नाही. तिथं खात्याची अंतर्गत चौकशी. ती बंद दाराआड चालते. तिचा अहवाल तुमच्या-माझ्यापर्यंत येत नाही. ज्या लॉजमध्ये, ज्या एसटीत, ज्या मंगल कार्यालयात हत्यार राहिलं, तिथल्या लोकांना आपण कशातनं वाचलो हेही कळत नाही.

शिपायाला जन्मठेप द्या, असं मी म्हणत नाही. उलटं म्हणतोय. शिक्षा कितीही वाढवली तरी दमलेला माणूस विसरायचा थांबणार नाही.

आपल्या पोलिसाचा एक दिवस बघा की. गणपती विसर्जनाची मिरवणूक आपल्याकडं चोवीस तासांच्या पुढं जाते, हे आपण अभिमानानं सांगतो. त्या मिरवणुकीत उभा असलेला शिपाई कितव्या तासावर आहे, हे कधी मोजलंय? नवरात्रात अंबाबाईच्या रांगा, चैत्रात जोतिबाची यात्रा, ऊसदराचं आंदोलन, बेळगावात अधिवेशन लागलं की कोगनोळीच्या नाक्यावर बंदोबस्त. ऑगस्ट २०२५ पासनं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्याकडं सुरू झालं. ते आलं याचा आनंद आहेच, त्यासाठी कोल्हापूरकर किती वर्षं भांडले! पण त्याबरोबर बंदोबस्ताचं कामही वाढलं. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे पुढाऱ्यांचे बॉडीगार्ड. धोका किती आणि रुबाब किती, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मागं हत्यारी गार्ड असला की लग्नात खुर्ची पुढची मिळते. साहेब पंगतीला बसले की गार्ड कमरेचं पिस्तूल सांभाळत कोपऱ्यात उभा. रात्री दोनला साहेबांना सोडायचं, सकाळी सातला परत हजर. असा माणूस कधीतरी विसरणारच.

मुंबईत २०१६ साली देवनार पोलिस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला. कल्पना एका पोलिस शिपायाची होती आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. पोलिसांची झोप झाली, घरच्यांना माणूस दिसायला लागला. दहा वर्षं होत आली. कोल्हापूरच्या शिपायाला विचारा, तुझी ड्युटी किती तासांची? तो हसतो फक्त.

आता हत्याराच्या हाताळणीबद्दल. ८ डिसेंबर २०२३ रोजी उत्तर प्रदेशात अलिगढच्या एका पोलिस ठाण्यात एक बाई पासपोर्टच्या पडताळणीसाठी आल्या होत्या. मुलाबरोबर निमूट उभ्या होत्या. मुन्शीनं फौजदाराच्या हातात पिस्तूल दिलं, फौजदारानं ते तपासायला घेतलं आणि गोळी सुटली ती थेट बाईंच्या डोक्यात. काही दिवसांनी त्या गेल्या. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण देशानं बघितलं. पिस्तूल भरलेलं आहे की रिकामं, हे हातात घेतल्याबरोबर बघायचं, नळी माणसाकडं धरायची नाही, बोट ट्रिगरवर ठेवायचं नाही. हे पहिल्या दिवशीचे धडे आहेत. ते रोज गिरवले नाहीत तर वर्दी असून उपयोग नाही.

आपल्या राज्यातही हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेलाय. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्यानं अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावलं, असं पोलिसांचं म्हणणं. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं विचारलं होतं की, पिस्तूल लॉक का नव्हतं? साधा माणूस स्लाइड मागं ओढून गोळी कशी झाडेल? त्या प्रकरणाच्या बाकीच्या वादात मी इथं शिरत नाही. पण हत्यार नेमकं कुठल्या स्थितीत होतं, हे न्यायालयाला विचारावं लागलं, एवढंच ध्यानात ठेवा. विसरलेल्या हत्याराबाबतही हाच प्रश्न लागू होतो. ते भरलेलं होतं का? चेंबरमध्ये गोळी होती का?

आता सगळ्यात महत्त्वाचं. लपवाछपवी.

पोलिस बीट करणाऱ्या कुठल्याही पत्रकाराला हा फोन नवा नाही. "बातमी नको लावू राव. पोराची नोकरी जाईल. लहान लेकरं आहेत घरात." फोन करणारा खोटं बोलत नसतो. लेकरं खरंच असतात. नोकरी खरंच जाऊ शकते. म्हणूनच हत्यार हरवलं की पहिले काही तास ते वर कळवण्यात जात नाहीत. ते गुपचूप शोधण्यात जातात. मित्रांना फोन, लॉजवाल्याला विनवण्या, रिक्षावाल्यांकडं चौकशी. आणि सॅन फ्रान्सिस्कोनं दाखवलंय की असा वेळ फार नसतो.

याच्या उलटं उदाहरण मुंबईतलंच आहे. ६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री कुलाब्याच्या नेव्हीनगरमध्ये पहाऱ्यावरच्या नौसैनिकाकडं गणवेशातला एक माणूस आला. "तुझी पाळी संपली, मी आलोय," म्हणाला. रायफल आणि काडतुसं घेतली आणि पसार झाला. एवढ्या मोठ्या तळावर अशी नामुष्की! पण नौदलानं ती पोटात ठेवली नाही. निवेदन काढलं, चौकशी जाहीर केली, मुंबई पोलिस कामाला लागले. काही दिवसांत तेलंगणातनं दोघं भाऊ पकडले गेले, रायफल मिळाली. लाज वाटली असेल, पण लाजेपेक्षा रायफल मोठी, हे त्यांना समजलं.

केरळचंही सांगतो. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅगचा अहवाल तिथल्या विधानसभेत आला. तिरुवनंतपुरमच्या सशस्त्र पोलिस दलातल्या २५ इन्सास रायफली आणि १२,०६१ काडतुसं नोंदीप्रमाणं जागेवर नाहीत, असा त्यात ठपका. राज्यभर गदारोळ. मग गुन्हे शाखेनं एकेक रायफल मोजायला घेतली. रायफली गेलेल्या नाहीत, नोंदवहीत घोळ आहे, असं सरकारनं सांगितलं. ठीक आहे. पण मोजणी कधी झाली? अहवाल लोकांसमोर आल्यावर! तोपर्यंत नोंदवही आणि रायफल यांची गाठभेटच नव्हती.

मोजून जाहीर केल्यानं फरक पडतो, याचा पुरावाही आहे. अमेरिकेची एफबीआय. तिच्यावरच्या तपासणी यंत्रणेनं २००२ साली अहवाल काढला, २८ महिन्यांत ३५४ हत्यारं हरवली किंवा चोरीला गेली. म्हणजे महिन्याला बारापेक्षा जास्त. जगातली सगळ्यात नावाजलेली तपास संस्था, आणि आकडा असा! देशभर छी-थू झाली. २००७ साली त्याच यंत्रणेनं परत मोजलं, तेव्हा ४४ महिन्यांत १६०. म्हणजे महिन्याला चारपेक्षाही कमी. हत्यारं तीच, माणसं तशीच, विसरभोळेपणाही माणसाचाच. आपल्याकडं कुणीतरी बघतंय आणि लिहून ठेवतंय, एवढ्यानं सुद्धा यंत्रणा हलते.

तर मंडळी, नुसती तोंडाची वाफ दवडण्यापेक्षा मागण्या मांडतो.

एक. जिल्हा पोलिसांनी दरवर्षी आकडा जाहीर करावा. किती हत्यारं हरवली, किती कुठं राहून गेली, किती परत मिळाली, किती काडतुसं कमी भरली. शिपायाचं नाव नको, बक्कल नंबर नको. फक्त आकडा. वर्षाच्या शेवटी गुन्ह्यांची पत्रकार परिषद होते ना, त्यात एक ओळ वाढवा.

दोन. हत्यार हरवल्याचं स्वतःहून ताबडतोब कळवणाऱ्याला शिक्षेत सवलत आणि लपवणाऱ्यावर कडक कारवाई. लपवणं महाग आणि सांगणं स्वस्त झालं पाहिजे. आज बरोबर उलटं आहे.

तीन. पिस्तूल पट्ट्याला बांधून ठेवणारी दोरी आणि खटक्याचं चांगलं कव्हर प्रत्येक हत्यारी माणसाला द्या, साध्या वेशातल्यालाही. बंदोबस्ताच्या ठिकाणी पोलिसांसाठी वेगळी स्वच्छतागृहं, आत हत्यार अडकवायला मजबूत खुंटी, ती सुद्धा दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या वर. खुंटीवरचं हत्यार काढल्याशिवाय कडीला हातच लागणार नाही. याला किती खर्च येतो? एका मंत्र्याच्या स्वागतकमानीपेक्षा कमी. महिला पोलिसांना तर बंदोबस्तात दिवस दिवस स्वच्छतागृह मिळत नाही, तो प्रश्नही यातनंच सुटेल.

चार. बॉडीगार्डची यादी परत तपासा. ज्याला खरा धोका आहे त्याला एक सोडून चार द्या. ज्याला फक्त रुबाब पाहिजे, त्यानं स्वतःच्या पैशानं बँड लावावा.

पाच. हत्यार सापडत नाही असं कळलं की त्या भागातल्या लोकांना तासाभरात सावध करा. पोर हरवलं तर आपण गावभर मेसेज फिरवतो. भरलेलं पिस्तूल हरवलं तर गप्प का?

आणि आता तुमच्या-माझ्या वाट्याचं काम.

बसस्थानकात, लॉजमध्ये, कार्यालयाच्या खोलीत, कुठंही असं हत्यार दिसलं तर हात लावू नका. उचलून "कुणाचं आहे हो?" करत फिरू नका. मोबाइलमध्ये सेल्फी तर अजिबात नको. पोरांना लांब करा, दार ओढून घ्या, एक माणूस बाहेर उभा करा आणि ११२ ला फोन लावा. खेळण्यातलं वाटलं तरी लावा.

दुसरं काम दहा रुपयांचं. माहिती अधिकाराचा अर्ज. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, त्यामुळं फाफटपसारा नको. पोलिस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला तीनच प्रश्न विचारा. गेल्या दहा वर्षांत वर्षनिहाय किती सरकारी हत्यारं हरवल्याची किंवा गहाळ झाल्याची नोंद आहे? त्यातली किती परत मिळाली? किती प्रकरणांत खात्यांतर्गत चौकशी पूर्ण झाली? हत्यारं कुठं ठेवली आहेत, कुणाकडं आहेत, असलं काही विचारू नका. ते गुप्तच राहिलं पाहिजे. आकडा गुप्त ठेवायचं कारण नाही. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर पहिलं अपील.

मी माझा अर्ज या आठवड्यात टाकतोय. उत्तर येईल तसं इथंच टाकेन, आकडा शून्य आला तर शून्यही टाकेन आणि पोलिसांचं जाहीर कौतुक करेन. तुम्ही सांगलीत असाल, साताऱ्यात असाल, सोलापूरला असाल, तर तुमच्या जिल्ह्यात टाका. पाच-सहा जिल्ह्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की चित्र आपोआप स्पष्ट होईल.

कमेंटमध्ये पोलिसांना शिव्या घालणाऱ्यांना आधीच हात जोडतो. पावसाळ्यात पूर आला तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात हेच लोक उभे होते. त्यांच्या कमरेला आपण जे हत्यार दिलंय, ते आपल्या पैशाचं आहे आणि आपल्या राखणीसाठी आहे. त्याचा हिशोब मागणं म्हणजे पोलिसांचा अपमान नव्हे. शेतकऱ्याच्या एका बंदुकीची पावती फाडणाऱ्या सरकारनं स्वतःच्या शस्त्रागाराची पावती जनतेला दाखवावी, इतकंच मागणं आहे.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कुठं पटलं नाही ते लिहा, वाद घालायला मी इथंच आहे.